कलाआत्याचे दोन मालक

आमची कलाआत्या नवऱ्याला 'मालक' म्हणायची. नाव घेणं तर लांबच. अठ्ठ्याहत्तर साली आंधळगावचा विडी कारखाना सोडून शेठ निघून गेला, कामगारांनी सहकारी संस्था काढली, आणि तिचे अध्यक्ष झालेल्या तेजरामभाऊंनी भाषणात सांगितलं, "आता आपल्यावर कोणी मालक नाही. सारे सारखे." तेव्हा आत्यानं शांतपणे विचारलं, "मंग घरी भात कोणाले वाढू?"

साऱ्या बाया हसल्या. मारोतराव, म्हणजे आत्याचे मालक, खाली मान घालून बसले. स्वभावानं गरीब माणूस, आणि चार लोकांना फार भ्यायचा.

संस्था झाली म्हणजे काय, तर कमिटीत सगळे गडी आणि मांडीवर सूप घेऊन विड्या वळायला आम्ही बाया. मला संताप यायचा. आत्या म्हणायची, "धीर धर. शेठ आत्ताच तं गेला."

पिण्याचं पाणी मात्र आळीपाळीनं भरायचं ठरलं. त्यात एक दिवस आमच्यातच विड्या वळणाऱ्या तुळसाची पाळी आली. तिच्या जातीच्या हातचं पाणी गावात चालत नव्हतं. शेठच्या काळात तिच्या ओंजळीत वरून ओतायचे. तिनं माठ आतून-बाहेरून घासला, भरला, वर धुतलेलं फडकं झाकलं आणि कोणाकडे न बघता विड्या वळायला बसली.

दुपार झाली तरी माठाकडे कोणी फिरकलं नाही. जर्द्याच्या धुळीनं घसे कोरडे पडले होते. तेजरामभाऊसुद्धा काही काम काढून बाहेर गेले. तुळसाचे डोळे भरून आले, मला ते बघवेना.

आत्या उठली. दारात विड्यांचे कट्टे तपासत बसलेल्या मारोतरावांनी मानेनंच 'नको' म्हटलं. तिनं ते पाहिलं. मग माठातून गडवा भरला, सावकाश प्याली, आणि तोच गडवा पुन्हा भरून तुळसापुढे धरला.

"घे वं. तूही सकाळपासून तहानलेलीच हायस."

संध्याकाळी मी आत्याच्या घरीच होते. मारोतराव जेवायला बसल्यावर हळूच म्हणाले, "तहान मलेही लागली होती वं."

आत्यानं त्यांच्या ताटात भात वाढला. "मंग उठाचं होतं," ती म्हणाली. आवाज मऊच होता तिचा. "कोणता मालक आडवून राहिला होता तुमाले?"