खाऱ्या माशाचं पाणी

रमजानचे शेवटचे दिवस आले की समुद्रकाठच्या सफाक्स शहरातल्या आमच्या गल्लीत कांदा शिजू लागतो. ईदच्या सकाळी खाऱ्या माशाबरोबर शरमूला हवीच. कांदा आणि काळ्या मनुका ऑलिव्हच्या तेलात दिवसभर मंद आचेवर ठेवायच्या, दालचिनी, लवंग, गुलाबकळ्या घालायच्या आणि मिश्रण काळपट, घट्ट होईपर्यंत ढवळत बसायचे. दरवर्षी हा वास सर्वांत आधी मन्नूबियामावशीच्या घरातून यायचा. यंदा सगळ्या घरांतून आला, तिच्या घरातून आला नाही.

मावशी मूळची केरकेना बेटावरची. लग्न होऊन इकडे आली तेव्हा शहरातल्या बायकांनी तिच्या शरमूलेला नाक मुरडले होते, कारण बेटावरचे लोक मनुका कमी आणि कांदा जास्त घालतात. पुढे त्याच बायका मनुकांची पुडी घेऊन तिच्या दारात उभ्या राहू लागल्या. नवरा ऑक्टोपस धरायचा. तो लवकर गेला. उशिरा झालेला एकुलता एक मुलगा, नूमान, मावशीने लोकांच्या शरमूला शिजवून वाढवला. मोठा झाल्यावर तो मासळीबाजारात लागला. हिवाळ्यात एके दिवशी इतर पोरांबरोबर होडीत बसून इटलीकडे निघाला. होडी पोहोचल्याची बातमी आली नाही, बुडाल्याचीही आली नाही. फोन बंद. चौकशीच्या सगळ्या कचेऱ्या मावशीबरोबर मीही पालथ्या घातल्या. नाव कुठल्याच यादीत नव्हते.

आमच्याकडे ज्या घरात माणूस गेलेला असतो, त्या घरात त्यानंतरच्या ईदला शरमूला शिजत नाही. शेजारी आपापल्या घरून वाडगा झाकून नेऊन देतात. कुणी काही बोलत नाही. वाडगा दारात आला, यातच सगळे आले.

माझी बायको वसीला वाडगा हातात घेऊन स्वयंपाकघरात उभी होती.

"काय करू सांगा. नेला तर पोराला आपणच पुरलं असं होईल."

"मग नको नेऊस."

"आणि ती ईदच्या दिवशी कोरडी भाकरी चावत बसेल? शेजारी म्हणवता स्वतःला!"

"मग ने."

"तुम्हाला विचारण्यापेक्षा भिंतीला विचारलेलं बरं," असे म्हणून तिने वाडगा परत फळीवर ठेवला. गल्लीतल्या प्रत्येक घरात त्या दिवशी असाच एक वाडगा फळीवर बसून होता. पहिला कुणी न्यायचा, एवढाच प्रश्न होता.

दुपारी मी मावशीकडे गेलो. दार उघडेच होते. अंगणात ती पाटावर बसली होती. पुढ्यात घमेलेभर कांदा बारीक चिरलेला. गॅस बंद.

"मावशी, शिजवणार आहेस?"

"चिरला बाबा. सकाळीच चिरला." तिने हाताकडे पाहिले. "यंदा कांदा झोंबला नाही. बाजारात काय देतात हल्ली, कोण जाणे."

तिचे डोळे कोरडे होते. माझे मात्र दारातूनच चुरचुरू लागले होते.

"गॅस पेटवू?"

"बघू."

कोपऱ्यात मातीची बरणी होती. जाण्याआधी नूमानने तीत मासा मिठात घालून ठेवला होता, ईदसाठी. दरवर्षी मासा निवडणे, खारवणे त्याच्याकडे आणि शरमूला आईकडे, अशी त्यांची वाटणी होती. मावशीने बरणीकडे पाहिले नाही.

एवढ्यात तिची जनात नावाची नणंद केरकेनाहून बोटीने आली. काखेत झाकलेले पातेले. उंबऱ्यातूनच तिने हुंदका काढला, "वहिनी गं! दैवानं काय मांडून ठेवलंय तुझ्यापुढं!"

"काय आणलंयस?" मावशीने विचारले.

"तुझ्यापुरती शरमूला. बेटावरच्या कांद्याची. यंदा तू काही करायचं नाहीस, बसून राहायचं."

मावशीने पातेल्याचे झाकण उचलून आत पाहिले. मग म्हणाली, "ते परत ने."

"अगं, पण रीत आहे."

"ज्यांच्या घरी माणूस गेलाय, त्यांच्यासाठी आहे. मुन्सिफ, पेटव रे गॅस."

मी पेटवला. जनात पातेले कडेवर धरून तशीच उभी. "डोक्यावर परिणाम झालाय हिच्या," ती मला म्हणाली, ऐकू जाईल अशा बेताने.

"पातेलं खाली ठेव आणि ढवळ," मावशी म्हणाली. "तोंड चालतंच आहे, हातही चालू दे."

संध्याकाळी रोजा सोडताना मावशीच्या घरचा वास आमच्या खिडकीत आला. वसीलाचा घास हातातच राहिला. "शिजवतेय," ती म्हणाली. फळीवरचा वाडगा तिने पुसून कपाटात ठेवला. थोड्या वेळाने पाहिले, तर तिने तो पुन्हा बाहेर काढला होता.

ईदची नमाज झाल्यावर मावशीने आम्हा दोघांना जेवायला बोलावले. गल्लीने सुटकेचा निःश्वास टाकला होता. ज्या घरात शरमूला शिजली त्या घरातला मुलगा जिवंत आहे, मग बोलायला मोकळीक आहे. वसीला तर दारातच म्हणाली, "मावशी, रंग काय सुरेख आलाय!"

"तुझ्या मुरंब्यापेक्षा बरा," मावशी म्हणाली. मनुका जास्त घातलेल्या वसीलाच्या शरमूलेवर ती दरवर्षी हे म्हणायची. यंदाही म्हणाली, पण पाठ केलेली ओळ म्हणावी तशी.

परातीत मधोमध शरमूला, कडेने उकडलेला मासा, बाजूला भाकरी. बिस्मिल्ला म्हणून मी पहिला घास घेतला आणि तो गिळता येईना. नुसते मीठ. वसीलाने डोळे मिटले आणि पाण्याचा पेला उचलला. जनातने घास तळहातावर काढला.

"वहिनी! हा मासा आहे की मिठाचा खडा? भिजत घातला नव्हतास?"

मावशी शांतपणे चावत होती. तिने दुसरा तुकडा उचलला, शरमूलेला लावला, तोंडात टाकला.

"घातला होता," ती म्हणाली. "कालच घातला. बादलीत आहे पाणी."

"आणि बदललं कधी? पुनःपुन्हा बदलावं लागतं, बेटावरच्या मुलीला हे मी सांगायचं?"

"पाणी नूमान बदलतो."

मावशीचा चावण्याचा वेग तोच होता.

"मी घालून ठेवते. उठताबसता तो बदलतो. दरवर्षी त्याचंच काम." तिने भाकरीचा तुकडा मोडला, पण तो शरमूलेत बुडवला नाही. "यंदा बदललं नाही त्यानं."

जनात उठून तिच्याजवळ जाऊन बसली, खांद्यावर हात ठेवला. या वेळी तिने हुंदका काढला नाही. मावशीने तो हात झटकला नाही आणि धरलाही नाही.

"तुला खारट लागत नाही का गं?" जनातने हळू आवाजात विचारले.

"नाही लागत."

"कधीपासून?"

"हिवाळ्यापासून असेल. लक्षात नाही."

तिने परात पुढे सारली. मासा तसाच राहिला. शरमूला आम्ही भाकरीबरोबर खाल्ली. ती नेहमीसारखीच उत्तम झाली होती. नंतर वसीलाने भांडी घासली आणि मी बादली मोरीत रिकामी केली. पाणी गढूळ, जड झाले होते.

निघताना मावशी दारापर्यंत आली. गल्लीत नवे कपडे घातलेली माणसे एकमेकांच्या घरी जात होती. काहींनी तिला ईदच्या शुभेच्छा दिल्या, तिने मान हलवली. मग वसीलाकडे वळून नेहमीच्या आवाजात म्हणाली,

"पुढच्या ईदला वाडगा आण."

वसीलाने माझ्याकडे पाहिले.

"आणीन, मावशी," ती म्हणाली.

"मनुका कमी घाल," मावशी म्हणाली आणि आत गेली.