सहीवरचं कुंकू

पौडाच्या पुढं, धरणाच्या अंगाला असलेल्या वाडीत जयसिंग ढमाले नैरोबीहून परत आला, तो बाप वारल्याची तार मिळाल्यावर. लढाईच्या काळात तो तिकडं विमानांची इंजिनं दुरुस्त करायला गेला होता. पुढं तिथल्या एका फ्लाइंग क्लबातल्या गोऱ्या साहेबानं त्याला उडवायलाही शिकवलं. अकरा वर्षं त्यानं चहाच्या मळ्यांवरून विमानं नेली. आता म्हातारी एकटी पडली, तर इथंच राहायचं आणि इथंच उडायचं, एवढंच त्याच्या मनात होतं.

पण तिकडचं लायसन इकडं चालत नव्हतं. ते बदलून हिंदुस्थानचं करून घ्यायला हवं होतं. शेजारच्या बहिरूला हे पटेना.

"आभाळ त्येच, वारं त्येच, मंग लायसन दुसरं कशापायी?"

प्रश्न काही वेडा नव्हता, पण सरकारला तो विचारणार कोण! जयसिंगनं डॉक्टरी तपासणी दिली, कायद्याचा पेपर दिला. राहिलं लॉगबुक. कुठल्या दिवशी किती तास उडालो, त्याची ती जाडजूड वही. प्रत्येक पानाच्या तळाशी साहेबाची शाईची सही. वही दिल्लीला जाणार, तिथं तास मोजले जाणार, मगच लायसन.

आई रत्नाबाई एकदा वही न्याहाळत बसली होती. त्यानं हौसेनं तिला सांगितलं, "आये, हे माजं हत्यार. अन् ह्यात समदी किंमत ह्या सहीला. सही न्हाई, तर मी उडलोच न्हाई."

तिनं ते नीट ध्यानात ठेवलं. तिथंच माशी शिंकली.

पेपरचा निकाल आणायला तो मुंबईला गेला, आणि इकडं खंडेनवमी आली. घरोघर हत्यारं पूजायची ही रीत. रत्नाबाईनं विळा, कोयता, पहार धुऊन पाटावर मांडली. पोराचं हत्यार तेवढं मागं कसं राहील? तिनं ट्रंकेतली वही काढली. किंमत सहीला, म्हणून एकेक पान उलटत प्रत्येक सहीवर बोटानं ओलं हळदकुंकू लावलं. एकही सही चुकवली नाही.

पास झाल्याचा कागद खिशात घालून जयसिंग दसऱ्याला घरी आला. वही उघडली, तर शाई कुंकवात उतरून पसरली होती. दुसरा कुणी असता तर घर डोक्यावर घेतलं असतं. आई समोर उभी, तोंडभर हसत.

"सोन्यावानी पुजलं बग."

"बरं केलंस," तो म्हणाला आणि जेवायला बसला. राग येईल म्हणून त्यानं वाट पाहिली. राग आला नाही, रडूही आलं नाही. भाकरीची चव मात्र लागली नाही.

वही त्यानं तशीच दिल्लीला पाठवली. नव्या सह्यांसाठी नैरोबीला पत्र लिहिलं, ते परत आलं. क्लब बंद पडला होता आणि साहेब वारला होता. सरकारी काम, सहा महिने थांब म्हणतात; इथं सात लागले. वही परत आली, सोबत चार ओळी. सह्या वाचता येत नाहीत, तास धरता येत नाहीत, पहिल्यापासून उडावं लागेल. ते त्याच्या आवाक्यातलं नव्हतं. त्यानं कागद घडी करून वहीत ठेवला आणि दुसऱ्या दिवसापासून गावातली पाण्याची इंजिनं दुरुस्त करू लागला. वरून विमान गेलं की बहिरू त्याला हाक मारी. जयसिंग नट आवळत राही. आईला त्यानं एवढंच सांगितलं होतं, की उशीर लागतोय.

पुढच्या खंडेनवमीला रत्नाबाईनं विळ्याकोयत्यांशेजारी त्याचे नट आवळायचे पाने मांडले.

"अन् वही रं?"

"ऱ्हाऊ दे, आये."

"का म्हून? गेल्या वर्सी मी हात आखडता घेतला, म्हून तुजं काम आडलं. मला कळतंय की. आवंदा भरून लावते."

जयसिंग आत गेला. मग ट्रंकेतून वही काढली, आतला कागद खिशात टाकला आणि आईसमोर बसला. तिला आता जवळचं नीट दिसत नव्हतं.

"सही कुटं हाय?"

त्यानं तिचं कुंकवाचं बोट धरलं आणि तांबड्या डागावर नेऊन ठेवलं.

"हितं," तो म्हणाला, आणि पुढचं पान उलटलं.