मालक गाडीपाशी उभा असेल तर

माझ्या बहिणीचा नवरा ऑर्व्हल लिक्टी जुन्या गाड्या विकत घेतो, पण शहाणा माणूस बघून मान फिरवेल अशाच. पुरात बुडालेल्या, झाडाखाली चेंगरलेल्या, हरणाला धडकलेल्या. विमा कंपनीने गाडी एकदा मोडीत काढली, कागदावर तसा शिक्का मारला आणि लिलावाच्या मैदानात नेऊन टाकली, की याला तिच्यात रूप दिसायला लागतं. माझी बहीण म्हणते, "मलाही कुणीतरी मोडीत काढायला हवं होतं, म्हणजे यानं माझ्याकडे बघितलं असतं."

त्याचा गाड्या ओढायचा ट्रक वीस वर्षं मीच चालवते, त्यामुळे त्याचे सगळे चाळे मला पाठ आहेत. लिलावाच्या आदल्या दिवशी गाड्या बघू देतात, सुरू करू देत नाहीत. ऑर्व्हल रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक पत्र्यावरून फिरवतो. जिथे ते चिकटत नाही, तिथे आत पत्रा नसून नुसती लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली असते. मग गालिचा उचलून त्याला नाक लावतो. पुराचं पाणी कुठल्या नदीचं तेही वासावरून कळतं, असं त्याचं म्हणणं. ते मी मानत नाही, पण पाणी शिरलं होतं की नाही, यात तो कधी चुकलेला नाही.

आमच्या लिलावात एक जुनी रीत आहे. आपली मोडीत निघालेली गाडी परत घ्यायला मालक स्वतः आला आणि गाडीपाशी उभा राहिला, तर बाकीच्यांनी हात खिशात घालायचे. हे कुठे लिहिलेलं नाही. आता बोली फोनवर लागते, तरी आमची म्हातारी मंडळी मैदानातच येतात आणि आपापल्या ट्रकमध्ये बसून फोनवर बोटं आपटतात. लांबचे लोक नुसते फोटो बघून चेपलेल्या जुन्या गाडीच्या फंदात सहसा पडत नाहीत. खरी चुरस आमच्या चार-पाच जणांतच.

गेल्या ऑक्टोबरात तिथे त्रेसष्टची स्टुडबेकर आली. मागचं छप्पर सरकवून उघडता येतं ती, लांबलचक. ऑर्व्हलचे वडील साउथ बेंडच्या कारखान्यात या गाड्यांना दारं बसवायचे. तशी एक घरी आणायची म्हणून ते पैसे साठवत होते, आणि त्याच वर्षी डिसेंबरात कारखाना बंद पडला. ती गाडी ऑर्व्हल तीस वर्षं शोधत होता. हिची पुढची जाळी आणि रेडिएटर हरणाने चेपला होता, बाकी चुंबक सगळीकडे चिकटत होतं. त्याने दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं.

"नाडीन, आवाज ऐक," तो मला म्हणाला. "हे दार बाबांनी बसवलेलं असेल."

त्याचे डोळे भरून आले होते. एरवी मी चिडवलं असतं, त्या दिवशी मीही ते दार एकदा लावून बघितलं.

तेवढ्यात पर्स छातीशी धरून एक बाई आल्या. ट्वायला रेन्सबर्गर, शाळेची बस चालवून निवृत्त झालेल्या.

"ही गाडी माझी आहे," त्या म्हणाल्या. "दुरुस्त करून देतील म्हणून मी सही केली. ट्रक येऊन घेऊन गेला, मला वाटलं गॅरेजात नेली. मग विमा कंपनीचा चेकच आला."

"अहो, कागद वाचले नाहीत?" मी विचारलं.

"चौतीस वर्षं पोरांची बस चालवली, एकदाही कुठे घासली नाही. असले कागद वाचायची वेळच आली नाही हो."

गाडी मोडीत निघाली तरी थोडे पैसे कमी घेऊन ती आपल्याकडेच ठेवता येते, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. आणि आता बोली लावायची, तर तिथे गाड्यांच्या धंद्याचा परवाना लागतो; मालकासाठी नेहमी आमच्यातलाच कुणीतरी लावतो. फाटकावर कुणीतरी ऑर्व्हलचं नाव सांगितलं होतं.

"चेकचे चार हजार डॉलर आहेत, त्याच्यावर एक डॉलर नाही. माझ्यासाठी घ्याल का तुम्ही?"

ऑर्व्हलने टोपी काढली, परत घातली. "घेतो," म्हणाला. पस्तीस वर्षं मी या माणसाला ओळखते. त्या 'घेतो'त काही जीव नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्वायलाबाई गाडीपाशी येऊन उभ्या राहिल्या. आमच्यातल्या तिघांनी बघितलं आणि मान डोलावली. प्रश्न होता पाचव्याचा, क्लेमंट हॉस्टेटरचा. तो आणि ऑर्व्हल अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. बाईंचं नाव पुढे करून ऑर्व्हल गाडी स्वतःच्या घशात घालणार, असंच त्याला वाटलं असतं. ऑर्व्हल हातातलं सँडविच तसंच टाकून त्याच्या ट्रककडे निघाला. मीही गेले, न बोलावता.

"मी बाईंसाठी लावतोय, त्यांच्याकडच्या चार हजारांपर्यंत," ऑर्व्हल म्हणाला. "तू मध्ये पडू नकोस."

क्लेमंटने काच अर्धीच खाली केली. "बाईंसाठी का? आणि मला त्या पॅकार्ड गाडीचं दार विकलंस, ते कुणासाठी रे?"

"त्या दारात लांबी होती."

"अकरा वर्षं तर नाही म्हणत होतास."

"होती. मीच भरली होती."

हे मलाही तेव्हाच कळलं. या गुलामाची बाजू घेऊन मी अकरा वर्षं चर्चमध्ये क्लेमंटच्या बायकोकडे पाठ करून बसत होते. क्लेमंटने काच वर केली.

आम्ही आमच्या ट्रकमध्ये येऊन बसलो आणि बोली सुरू झाली. ऑर्व्हलने हजार लावले. ते तिघे गप्प होते. वेळ संपत आली आणि फोनच्या पडद्यावर अकराशे उमटले. शेजारच्या ट्रकमध्ये क्लेमंटचं बोट हललेलं मी स्वतः बघितलं. मी त्याला खिडकीतून जे म्हणाले, ते इथे सांगण्यासारखं नाही. आकडा चढत गेला. दोन हजार, तीन हजार. चार हजारांवर ऑर्व्हलची बोली होती. क्लेमंटने एकेचाळीसशे केले.

तिथे थांबायचं होतं. ऑर्व्हलने बेचाळीसशे केले.

"बाईंकडे चारच आहेत," मी म्हणाले.

"वरचे मी घालीन," तो माझ्याकडे न बघता म्हणाला.

त्रेचाळीसशे. चव्वेचाळीसशे. पंचेचाळीसशे. ऑर्व्हलचं बोट पुन्हा पुढे सरकलं तेव्हा मी त्याचं मनगट धरलं. "कुणासाठी, ऑर्व्हल?"

त्याने हात सोडवून घेतला नाही. वेळ संपली. गाडी क्लेमंटची झाली.

क्लेमंट उतरला आणि सरळ ट्वायलाबाईंकडे गेला. "तुम्ही चार हजार द्या," तो म्हणाला. "वरचे माझे. कागद हातात आले की तुमच्या नावावर करून देतो." बाईंना आधी कळेचना. मग त्या गाडीलाच टेकून रडायला लागल्या. मला एवढं शरमल्यासारखं झालं, की मघाचे माझे शब्द त्याला ऐकू गेले नसावेत अशी मी देवाची प्रार्थना केली. ते ऐकू गेले होते.

मग तो ऑर्व्हलकडे वळला. "चार हजारांवर थांबतोस का, ते बघत होतो."

ऑर्व्हलने बुटांकडे बघतच उत्तर दिलं. "बरं झालं तू घेतलीस," तो म्हणाला. "माझ्या हातात आली असती, तर मी बाईंना दिली असती की नाही, मलाच ठाऊक नाही."

या माणसावर मी जन्मभर चिडत आले आहे. त्या दिवशी तो मला फार आवडला. क्लेमंटलाही आवडला असावा, कारण हिवाळ्यात तो दर शनिवारी ऑर्व्हलच्या गॅरेजात यायला लागला. दोघं मिळून बाईंच्या गाडीची जाळी सरळ करायचे, रेडिएटर बसवायचे आणि भांडायचे. बाईंकडून ऑर्व्हलने सुट्या भागांचेही पैसे घेतले नाहीत.

एप्रिलमध्ये बाई गाडी न्यायला आल्या. त्यांनी किल्ली परत ऑर्व्हलच्याच हातात दिली. "तुम्ही एक चक्कर मारा, मग मी नेते."

ऑर्व्हलने किल्ली त्यांच्या हातात ठेवली, गाडीला वळसा घातला आणि शेजारच्या सीटवर जाऊन बसला.

"तुम्हीच चालवा," तो म्हणाला. "मी एकदा स्टिअरिंगवर बसलो, तर उतरणार नाही."