पोटातल्या बाळापासून लपवलेला पाय

एक घटना आधी घडली आणि दुसरी नंतर, एवढ्यावरून पहिली दुसरीचे कारण ठरत नाही. साताऱ्याच्या शाळेत विज्ञान शिकवताना हे मी मुलांना वारंवार समजावते. मात्र माझी छोटी मुलगी भांडे पडल्याच्या आवाजाने दचकली, की मला माझ्या गरोदरपणातला तो काळ आठवतो आणि मी स्वतःच गोंधळते. इतर मुलेही दचकतात, हे मला माहीत आहे. तरीही.

आधी परिस्थिती सांगते. माझे पती सैन्यात आहेत. तेव्हा ते एका डोंगरी ठाण्यावर होते आणि मी साताऱ्याजवळच्या गावात सासरी राहत होते. सासरे निवृत्त सुभेदार. मला पाचवा महिना लागल्यावर त्यांनी जेवताना जाहीर केले, "आजपासनं हिच्या कानावर वाईट बातमी घालायची न्हाई. टीव्हीवरची न्हाई, भावकीतली न्हाई. आईला धसका बसला की पोटातल्या लेकराला बसतो."

"आवं, पण कुणी मेलं-बिलं तर?" सासूबाईंनी विचारले.

"बाळंतपण झाल्यावर मरा म्हणावं."

आम्ही हसलो, पण आदेश अमलात आला. टीव्ही 'बिघडला'. शेजारीण दारात थबकून आधी सासूबाईंचा चेहरा पाही आणि मग पावसापाण्याचे बोले. बातम्या थांबवता आल्या, पण चेहरे कसे थांबवणार? सासऱ्यांचा फोन वाजला की ते उठून गोठ्याकडे जात. मी खिडकीतून त्यांची पाठ पाहत राही आणि त्या पाठीवरून काही समजते का याचा अंदाज घेई. छातीत धडधडू लागे. मग वाटे, ही धडधड आत पोहोचली असेल. या विचाराने धडधड आणखी वाढे. काळजी करायची नाही, याचीच मला सर्वांत मोठी काळजी लागली होती.

सातव्या महिन्यात डोहाळजेवण ठरले होते. ते अचानक अलीकडे घेतले गेले आणि दुसऱ्याच दिवशी मला माहेरी, सांगलीजवळ माधवनगरला, धाडण्यात आले. पहिले बाळंतपण माहेरी हा रिवाजच आहे, त्यामुळे शंका घ्यायला जागा नव्हती. तरी एवढी घाई का, हे कळेना. गाडी निघताना सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिले नाही.

माधवनगरला पतींचे फोन येऊ लागले आणि आवाज कमालीचा स्वच्छ होता. पूर्वी दोन वाक्यांत फोन तुटत असे.

"रेंज सुधारली का हो?"

"नवा टॉवर लागलाय."

"मग व्हिडिओ कॉल करा ना."

"त्याला परवानगी नाही."

एका संध्याकाळी आम्ही बोलत असताना त्यांच्या मागून आवाज आला, "आगं व्हय की मागं! पाय देतीस व्हय बादलीत?" सासूबाई म्हशीला रागे भरत होत्या.

"तुमच्या ठाण्यावर म्हैस आहे?" मी विचारले.

त्यांनी घाईघाईने फोनवर हात दाबला, मागचा आवाज बंद झाला. मग म्हणाले, "हाय एक."

"आणि तिची धार काढायला आई आल्यात का?"

मग त्यांना सांगावे लागले. घाटात गाडी घसरली होती आणि पाय मोडला होता. लष्करी रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली होती. मी माहेरी गेल्याच्या दुसऱ्या दिवसापासून ते प्लॅस्टर घालून घरीच पडून होते. तो पाय माझ्या दृष्टीस पडू नये, म्हणून मला घरातून हलवले होते. मी फोन ठेवला. हसावे, रडावे की रागवावे, हे मला ठरवता येईना. तेवढ्यात बाळ जोरात हलले. ते त्यातले नेमके काय ओळखून हलले, कोण जाणे.

आई मेथी निवडत होती. "तुला माहीत होतं?" मी विचारले.

"होतं. सुभेदारांनी शपथ घातली होती गं. मला काही पटलं नव्हतं. तू पोटात होतीस तेव्हा तुझ्या बाबांची गिरणी बंद पडली. माझ्यापासून कोण लपवणार? भोंगा वाजला नाही, अख्ख्या माधवनगरला कळलं. मी रोज रडायचे."

"म्हणून मी अशी सारखी काळजी करते का?"

आईने निवडलेली मेथी बाजूला सारली. "तुझ्या भावाच्या वेळी तर मी मजेत होते. तो तुझ्याहून भित्रा निघाला."

सांगलीच्या डॉक्टरबाईंनी तपासून बाळ व्यवस्थित असल्याचे सांगितले. त्या म्हणाल्या, "रोजच्या काळजीने बाळाचं नुकसान होत नाही. पण भीती आठवडेच्या आठवडे उतरली नाही, झोप आणि जेवण तुटलं, तर अंगावर काढू नका. त्याचा परिणाम होऊ शकतो, तेव्हा लगेच इथे या." मला झोप लागत नव्हती, ती मात्र बातमी कळण्याच्या आधीपासून. मग परिणाम झालाच असेल तर कशाचा, बातमीचा की लपवण्याचा?

त्या रविवारी सासरे पतींना गाडीत घालून घेऊन आले. दारात उभ्या उभ्या त्यांनी विचारले, "लेकरू हलतंय न्हवं?"

मी होकार दिला. बसल्यावर, माझ्याकडे न पाहता, ते म्हणाले, "तुझ्या सासूच्या येळंला मी सीमेवर हुतो. मी गेल्याची तार घरी आली, चुकीची. मी तर जित्ता हुतो. पर आमचं पहिलं लेकरू ऱ्हायलं न्हाई."

या गमावलेल्या मुलाविषयी त्या घरात मी कधीच ऐकले नव्हते. तारेमुळेच ते गेले असे म्हणता येणार नाही, हे मी त्यांना सांगायला हवे होते का? तारेमुळे गेले नाही, असे तरी मला कुठे ठामपणे म्हणता येत होते? मी पाणी आणून दिले.

ते अंगणात गेल्यावर मी पतींना म्हटले, "आता सगळं सांगा. काही गाळू नका."

कुबड्या भिंतीला टेकवून त्यांनी सुरुवात केली. घाटातले वळण, ओला रस्ता, चाक कड्याच्या बाहेर गेलेले. त्यांच्या शेजारी बसलेल्या जवानापाशी गोष्ट आली तेव्हा त्यांचा आवाज बदलला आणि माझे पोट दगडासारखे घट्ट झाले. असे घट्ट होणे या महिन्यांत अधूनमधून होते, असे डॉक्टरबाईंनी सांगितले होते. हे तेच होते की सासरे म्हणतात तो धसका, मला ओळखता आले नाही. क्षणभर वाटले, नकोच होते ऐकायला.

ते थांबले. "बास करू का?"

मी पोटावर हात ठेवला. थोड्या वेळाने पोट सैल पडले.

"नाही," मी म्हटले. "त्या जवानाचं काय झालं?"