सीटच्या दुकानातली राहिलेली पुस्तकं

चार जणं दर रविवारी एका खोलीत दार लावून बोलायला बसली की किस्से साठणारच. आमचे तर इतके साठलेत की पॉडकास्ट कमी आणि किस्सेच जास्त झालेत. रफिकभाई म्हणाला, "तुमी लायब्ररीवाले, तुमीच लिहून ठेवा सर." म्हणून बसलो लिहायला.

रफिकभाईचं बीडमध्ये गाड्यांची सीट कव्हरं शिवायचं दुकान आहे. मागच्या खोलीत छतापर्यंत फोम रचलेला, त्यामुळे रस्त्यावरचे हॉर्न आत येत नाहीत. तोच आमचा स्टुडिओ. जीपच्या जुन्या सीटांवर आम्ही बसतो. रफिकभाई, एसटीतून रिटायर झालेल्या कंडक्टर शोभाताई, झेडपी शाळेतला सुदाम मास्तर आणि मी. नियम एकच. वर्षानुवर्षं वाचायचं राहिलेलं पुस्तक घेऊन यायचं आणि का राहिलं ते खरं सांगायचं.

* * *

पहिल्याच एपिसोडला रफिकभाई रंगात आला होता. वालिदांनी, म्हणजे वडलांनी, दिलेलं पुस्तक कसं राहिलं ते सांगताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात एक रिक्षावाला दार ढकलून आत आला आणि म्हणाला, "भाई, सीट झाली का न्हाई?"

रफिकभाईनं डोळे पुसत सांगितलं, "उद्या या."

ते रेकॉर्डिंगमध्ये तसंच राहून गेलं. पुस्तकाबद्दल एकानंही काही लिहिलं नाही. खाली कमेंटमध्ये सगळ्यांनी एकच विचारलं होतं, त्या रिक्षावाल्याची सीट झाली का.

* * *

शोभाताईंचं पुस्तक राहिलं ते महामंडळामुळे. त्यांची गाडी आष्टीला वीस मिनिटं थांबायची. ड्रायव्हर चहाला गेला की त्या सीटवर बसून दोन-तीन पानं वाचायच्या आणि खूण म्हणून तिकीट ठेवायच्या. मग रूट बदलला. शिरूर कासारला गाडी पोचली की लगेच माघारी वळायची. वाचन बंद.

"मग घरी कावून न्हाई वाचलं ताई?" रफिकभाईनं विचारलं.

"घरी कसं वाचू? घरी गाडी थांबतीय का?" ताई म्हणाल्या. "आता लई वर्षं झाली, ती नायिका आष्टीच्या स्टँडवरच बसून हाय. माझाच जीव तुटतो तिच्यासाठी."

पुस्तकातलं तिकीट अजून तिथंच होतं. त्यांनी ते आम्हाला हात लावू दिलं नाही.

* * *

आता माझी लाज सांगतो. ग्रंथालयात एक जाडजूड कादंबरी आली होती. आपण आधी वाचू, मग देऊ, म्हणून मी ती काउंटरमागं लपवली. एक गृहस्थ दर दिवाळीआधी तेवढीच मागायला यायचे. मी दर वेळी सांगायचो, "बाहेर गेलंय." रिटायर होताना घरी घेऊन आलो, तरी वाचली नाही. ते मी एपिसोडमध्ये सगळं कबूल करून टाकलं.

दोन दिवसांनी त्याच गृहस्थांचा मेसेज आला. "सर, मला वाटलंच होतं. आता वाचून झाली असेल तर द्या."

नाही हो झाली. पण नेऊन दिली, त्यांच्या घरी जाऊन. त्यांनी चहा पाजला आणि पुस्तक तसंच फडताळात ठेवून दिलं. आता त्यांची नजर अधू झालीय.

* * *

सुदाम मात्र आपली पाळी सारखी पुढं ढकलायचा. कधी शाळेत तपासणी, कधी घसा बसलेला. शेवटी रफिकभाई चिडला. "मास्तर, कावून टाळतोस बे?"

तेव्हा त्यानं पिशवीतून पुस्तक काढलं. तो दहावीला असताना त्याच्या वडलांनी, आबांनी, आष्टीच्या बाजारातून आणलेलं. आबांचा जन्म लिंबागणेशच्या माळावर मेंढरांमागं गेलेला, वाचता येत नाही. म्हणून त्यांनी सगळ्यात जाड होतं ते उचललं. सुदामनं उघडलं तर पानं कडेला एकमेकांना जोडलेली. त्याला वाटलं, माल खराब निघाला. सांगावं तर आबा उलट्या पावली भांडायला गेले असते आणि फसलो म्हणून मनाला लावून घेतलं असतं.

म्हणून तो सबंध उन्हाळा दुपारी लिंबाखाली पुस्तक समोर धरून बसायचा आणि मनानंच गोष्ट सांगायचा. हौसा नावाची एक बाई, हरवलेली मेंढी शोधत निघालेली. आबा रोज म्हणायचे, "फुडं?" जूनमध्ये सुदाम बीडला कॉलेजात आला आणि पुस्तक ट्रंकेत गेलं.

"त्यांना जन्मात एकदाच कुणी पुस्तक वाचून दाखवलं," सुदाम म्हणाला, "आन तेबी खोटं हुतं. आबा आपला एकबी एपिसोड सोडत न्हाईत. मोबाइल गळ्यात अडकवून मेंढरांमागं फिरतात. कसं सांगू?"

मी म्हणालो, "अरे, जुनी पुस्तकं अशीच यायची. पानं कापून वाचायची असतात."

रफिकभाईनं फोम कापायची सुरी सुदामपुढं ठेवली. सुदामनं ती उचलली नाही. जाताना म्हणाला, "एवढं रेकॉर्डिंगमधून काढून टाका."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचाच रफिकभाईला फोन. "ऱ्हाऊ दे. कळू दे त्यांना."

एपिसोड तसाच लोकांपर्यंत गेला. आठवडाभर आबांचा फोन नाही, निरोप नाही. सुदाम नीट जेवतही नव्हता.

रविवारी आम्ही बसलो तर दारात आबा स्वतः उभे, खांद्यावर घोंगडी. सुदाम ताडकन उठला. आबा जीपच्या सीटवर टेकले, फोम दाबून बघितला, पाणी प्यायले. मग पुस्तक मागून घेतलं आणि कडेवरून अंगठा फिरवला.

"ही जोडलेली पानं मला तवाच दिसलीती," ते म्हणाले.

आबांनी पुस्तक बाजूला ठेवलं. रफिकभाईनं गुपचूप रेकॉर्डिंग चालू केलं.

"ती हौसा नदीपतुर आलती," आबा म्हणाले, "आन तू कॉलेजला गेलास. फुडं काय झालं?"