उपाशी आलेल्या सिस्टर

आई जेवेनाशी झाली तेव्हा मी देवासमोर बसणंही सोडलं. स्मृतिभ्रंशाने तिच्याकडून आधी गावं नेली, मग माणसं नेली. मला, पोटच्या लेकीला, ती 'बाई' म्हणू लागली, तेही मी सोसलं. पण आता चमचा ओठांशी नेला की ती तोंड घट्ट मिटून भिंतीकडे वळायची. डॉक्टरांनी नाकातून नळी घालायचं ठरवलं. आई ती ओढून काढणार आणि मग तिचे हात बांधावे लागणार, हे मला कळत होतं. आटपाडीच्या माळावर मेंढरं राखलेले, भाकऱ्या थापलेले ते हात. आमच्या कुळदैवताला, बिरोबाला, मी इतकंच म्हणाले, तुला दिसत नसेल तर राहू दे.

ठरल्या सकाळी सांगलीतल्या आमच्या घरी नळी घालायला सिस्टर आल्या. नेहमीच्या सिस्टर रजेवर होत्या, म्हणून या नव्याच. त्यांनी आईच्या पाठीवरून हात फिरवला, नाडी पाहिली आणि संकोचून मला म्हणाल्या, "ताई, घासभर काय असंल तर द्या. एसटीच्या गडबडीत डबा घरीच ऱ्हायला. रिकाम्या पोटी हात कापतोय, आन् आजींना उगं दुखायला नगं."

मी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी दिली. कॉटशेजारच्या स्टुलावर बसून त्या खाऊ लागल्या. आई वळली. बराच वेळ त्यांच्या ताटाकडे पाहत राहिली.

"कोरडीच खातीस व्हय गं? सासूनं दूध लपीवलंया काय?"

सिस्टर खळखळून हसल्या. "लय खाष्ट हाय ओ सासू. तुमीच वाढा आजी."

मी दुधाची वाटी आणली. आईने त्यात भाकरी कुस्करली आणि सिस्टरांना घास भरवला. मग आणखी एक. मग दाराकडे पाहून तिने विचारलं, "समदी जेवली का?"

मी काही बोलणार, तोच सिस्टरांनी मला नजरेनेच थांबवलं. "व्हय आजी, समदी जेवली. तुमीच ऱ्हायलाय."

आईने घास स्वतःच्या तोंडात घातला. सिस्टर तिच्या पाठीला आधार देऊन, घाई न करता, प्रत्येक घास गळ्याखाली उतरेपर्यंत पाहत राहिल्या. माझे डोळे भरून आले. लोकर कातरायला माणसं आली की आमच्याकडे पंगती उठायच्या, आणि आई सगळ्यांच्या मागून चुलीपाशी बसायची. आधी जेवणं तिला कधी ठाऊकच नव्हतं.

सिस्टरांनी डॉक्टरांना फोन करून आई जेवल्याचं सांगितलं, त्यांची परवानगी घेतली आणि नळीचं पाकीट परत पिशवीत टाकलं. मी विचारलं, "ही युक्ती तुम्हाला शिकवतात का?"

"न्हाई ओ ताई. मला खरंच भूक लागली हुती."

त्यानंतर त्या येत राहिल्या. आईला सरळ कसं बसवायचं, घास केवढा द्यायचा, ठसका लागला तर काय करायचं, सारं त्यांनी मला शिकवलं. रोज मी आईसमोर बसून आधी जेवू लागले. कधी ती मलाही भरवायची, ओळख नसतानाही. गेल्या हिवाळ्यात ती गेली, तेव्हा तिचे हात मोकळे होते.

मी आईसाठी देवाकडे मागत होते. तो आला, तो उपाशी सिस्टर होऊन, भाकरी मागायला. आता त्याने काय द्यायचं, ते मी त्याला सांगत नाही. दाराशी कोणी आलं, की आधी जेवलात का, एवढं विचारते.