पीडीएफचा दिग्विजय आणि माझा मौनी फोन

मित्रहो, अस्मादिकांनी रचलेली पीडीएफ आज कारखान्यात कार्यान्वित झाली. विक्रेते तिच्यातच मागणी भरतात, बटण दाबतात आणि माहिती थेट कंपनीच्या प्रणालीत प्रविष्ट होते. कालपर्यंत त्यासाठी ते सायंकाळी मला फोन करीत, मागणीसोबत "जेवलात का?" हेही विचारीत.

आज एकही फोन आला नाही. साहेबांनी अभिनंदन केले, तेही ईमेलने.

भरे गावातले माझे घरमालक तात्या ओट्यावरून म्हणाले, "साहेब, फोन बिघडलाय व्हय? आज लई गप हाय."

"बिघडला नाही तात्या, कार्यक्षम झाला."

"मग जेवाया या हिकडं."

गेलो. तरीही उद्या पीडीएफमधला एक रकाना दुर्बोध करून त्याखाली माझा क्रमांक द्यावा, असा अधम विचार मनात आहे. आपल्या मते हे पाप कितपत क्षम्य?